गवत संपल्यास तात्काळ निघावे

"हात्तिच्या, एवढंच ना?" हे शब्द मी जेव्हा जेव्हा उच्चारले, तेव्हा तेव्हा पुढचा आठवडा मला माफी मागण्यात घालवावा लागला आहे. नळाचा वायसर बदलताना उच्चारले (खालच्या मजल्यावरच्यांनी छत नव्याने रंगवून घेतलं). मेहुणीच्या मांजराला आंघोळ घालताना उच्चारले (खूण मनगटावर आहे, हवी तर दाखवतो). तरीही त्या बुधवारी नात तोंड पाडून माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली, आणि जीभ पुन्हा घसरली.

"आजोबा, शाळेत प्रकल्प आहे. जगातलं एक कुटुंब घ्यायचं आणि ते रोज कसं जगतं ते सोमवारी वर्गाला सांगायचं. मासेमारीवाले, द्राक्षांच्या मळ्यातले, दीपगृहातले, सगळे संपले. आम्हाला उरलं ते मिळालं."

"काय उरलं?"

"मंगोलियातले भटके पशुपालक."

"हात्तिच्या, एवढंच ना?"

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं बदल्यांच्या टेबलावर कारकून होतो. साहेबांची सही आणि माझं अक्षर, एवढ्या भांडवलावर आम्ही हजारो माणसं इकडून तिकडे हलवली. मी स्वतः मात्र हललो नाही. एकदा टेबल खिडकीकडे दोन हात सरकवलं होतं, तर मला तीन दिवस झोप लागली नाही. दुपारचीसुद्धा. वाचन मात्र दांडगं. जगातल्या कुठल्याही वाळवंटात मला सोडून दिलं (शक्यतो देऊ नये), तर तिथे कोणते वारे कधी वाहतात हे मी तहानेने मरता मरता सांगू शकेन. अशा माणसाने भटक्यांवर बोलायचं नाही, तर कुणी?

नातीचं प्रकरण वेगळं. आमचा मुलगा आणि सून पूल बांधतात. एक पूल झाला की पुढची नदी. त्यामुळे आठव्या वर्षापर्यंत पोरीच्या तीन शाळा झाल्या. यंदाच्या नदीकाठी शाळाच नव्हती, म्हणून ती वर्षभरासाठी आमच्याकडे आली.

"गटात कोण कोण आहे तुझ्या?" मी विचारलं.

"ज्यांना कुणी घेतलं नाही ते." हवामानाचा अंदाज सांगावा तसं ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं म्हणून रविवारी येणार आहेत. एकदाच. आवडलं तर परत येतील."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर काय? मधल्या सुट्टीत मी पुस्तक वाचते. चालतं मला."

"चालतं मला" हे वाक्य मी बदलीच्या शेकडो अर्जांच्या तळाशी वाचलेलं आहे. ते लिहिणाऱ्या एकालाही चाललेलं नव्हतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की रविवार असा करायचा, की ही पोरं परत आलीच पाहिजेत.

"अहो, चार चित्रं दाखवा, चार गोष्टी सांगा, खाऊ द्या आणि घरी पाठवा," आमची ही म्हणाली. (शहाणी माणसं असंच बोलतात. म्हणून त्यांच्यावर कुणी कथा लिहीत नाही.)

"छे! चित्रं काय दाखवायची? आपण बाहेरच्या खोलीत गेर उभारू."

"काय उभारू?"

"गेर. त्यांचा गोल तंबू. लाकडी जाळीची भिंत, वर लोकरीचं जाड कापड, मधे चूल, माथ्यावर धुराला भोक."

"भोक कुठे पाडणार आहात?" तिने छताकडे बघत विचारलं. खालच्या मजल्याची आठवण अजून ताजी होती.

शनिवारचा अख्खा दिवस मी बांधकामात घालवला. कपडे वाळत घालायचे दोन स्टँड, पडद्यांच्या दांड्या, माथ्याच्या चक्राच्या जागी नातीची कमरेभोवती फिरवायची रिंग, आणि लोकरीच्या कापडाऐवजी घरातली झाडून सारी ब्लँकेटं. तंबूचं दार दक्षिणेकडे हवं असतं. माझं फ्रिजकडे आलं. चुलीच्या जागी स्टूल, त्यावर किटली. हिरवा गालिचा हे कुरण. त्यांच्याकडे पाच जातींची जनावरं असतात: घोडे, गुरं, उंट, मेंढ्या, शेळ्या. चार जाती खेळण्यांतून निघाल्या. उंटाचं काम इस्त्रीच्या टेबलाला द्यावं लागलं. त्यावर मी दोन उशा बांधल्या, कारण तिकडच्या उंटाला दोन वशिंडं असतात आणि तपशिलाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

मग रात्रीच्या जेवणाआधी मी ती चूक केली, जी फक्त बदल्यांच्या टेबलावरचा माणूसच करू शकतो. मी कार्यालयीन आदेश काढला. कोरा कागद, समास सोडून, वळणदार अक्षरात: पाहुणा कोण, कुठला हे विचारण्यापूर्वी त्यास आत घेऊन चहा द्यावा. उंबरठ्यावर पाय देऊ नये. घेताना उजवा हात पुढे करावा व डाव्याने कोपरास आधार द्यावा. असं करत करत पाचव्या कलमापाशी मला स्फुरण चढलं आणि मी लिहिलं: "गवत संपल्यास वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता तात्काळ निघावे." खाली सही ठोकली आणि कागद गेरच्या दाराला टाचला.

(चौतीस वर्षांत माझ्या हातच्या एकाही आदेशाची अंमलबजावणी सहा महिन्यांच्या आत झालेली नव्हती. त्यामुळे मी निर्धास्त होतो.)

रविवारी अडीचला पोरं आली. एकूण पाच. पहिला, प्रत्येक वाक्याला शंका काढणारा. त्याचं नाव मी मनातल्या मनात शंकेखोर ठेवून टाकलं. दुसरी वर्गात सगळ्यांपेक्षा हातभर उंच असलेली एक मुलगी, जी कमी उंच दिसावी म्हणून वाकून चालत होती. दोघं जुळे भाऊ, जे फक्त एकमेकांशीच बोलत. आणि एक खाऊबाई, जिने आल्या आल्या विचारलं, "खायला केव्हा आहे?"

"पहिला धडा," मी सुरुवात केली. "गेरच्या दारावर टकटक करत नाहीत. लांबूनच ओरडायचं, 'कुत्रा धरा!' कारण प्रत्येकाकडे राखणीचा कुत्रा असतो."

"तुमच्याकडे कुत्रा नाही," शंकेखोर म्हणाला.

"आहे असं समजायचं."

"मग धरलाय असंही समजू. ओरडायचं कशाला?"

पण ओरडण्याची परवानगी आजवर त्यांना कुणी दिलेली नव्हती. सहाही पोरं जिन्यात जाऊन अशी ओरडली, की खालच्या तीन मजल्यांची दारं धडाधड बंद झाली.

मग रंग भरत गेला. पोरं दोन-तीन वर्षांची असल्यापासून घोड्यावर बसतात, हे ऐकून जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. झाडं नसतात म्हणून वाळलेलं शेण जाळतात, हे ऐकून शंकेखोराने किटली हुंगून पाहिली. चहात मीठ घालतात, हे ऐकून खाऊबाई गंभीर झाली. दही आटवून, वाळवून त्याचे दगडासारखे खडे करतात आणि पाहुण्यापुढे ठेवतात, हेही मी सांगितलं. असे खडे आमच्या घरी कुठून असणार? पण हिच्या चुलतभावाने गेल्या वर्षी दिलेल्या टॉफ्यांचा डबा होता. त्या टॉफ्या चावायची हिंमत घरात कुणालाही झाली नव्हती.

"आणि ते घर उचलून जातात म्हणजे काय करतात?" उंच मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सगळं उतरवायचं, बांधायचं, जनावरांवर लादायचं आणि नव्या गवताकडे जायचं. वर्षातून चार-चार वेळा सुद्धा."

"मग ते हरवत नाही सामान?"

मी पुस्तकातलं उत्तर आठवत होतो, तोवर नात म्हणाली, "नाही. जे पोचल्यावर आधी लागणार ते शेवटी चढवायचं. म्हणजे ते वर राहतं. आणि कपांमध्ये मोजे घालायचे. फुटत नाहीत."

पाचही जण तिच्याकडे बघायला लागले.

"तुला कसं माहीत?" शंकेखोराने विचारलं.

"मी तीन वेळा केलंय."

"खरोखरचं?"

"खरोखरचं. एकदा ट्रकमध्ये पुढे बसून गेले."

हा क्षण मी नोंदवून ठेवला. मोजे आणि कप यांवर माझ्या चारही संदर्भग्रंथांत चकार शब्द नव्हता. पोरीला त्यांनी जागच्या जागी कुटुंबप्रमुख करून टाकलं. मी कामं वाटून दिली: उंच मुलीकडे माथ्याचं चक्र, जुळ्यांकडे जनावरं, खाऊबाईकडे चूल, शंकेखोराकडे पाहुणे.

"आणि आजोबा काय करतात?" खाऊबाईने बिस्किटाचा तुकडा मोडत विचारलं.

"म्हातारी माणसं दुपारी जरा विसावतात," मी म्हणालो. (याला कुठल्याही ग्रंथाचा आधार नाही.) आणि केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाराच्या समोरच्या बाजूला, म्हणजे मानाच्या जागी, दोन मिनिटं आडवा झालो.

जागा झालो तो किंकाळीने.

"अहो! उठा! घर धुऊन नेलं कुणीतरी!"

ही वाचनालयाची सभा आटोपून परत आली होती आणि दारात उभी होती. मी डोळे उघडले. वर छत होतं, खाली उघडी फरशी. गेर नव्हता. गालिचा नव्हता. ब्लँकेटं, उशा, स्टूल, किटली, इस्त्रीचं टेबल, खिडक्यांचे पडदे, काही नव्हतं. माझ्या डोक्याखालची उशीसुद्धा गेली होती आणि तिच्या जागी माझ्याच चपला व्यवस्थित जोडून ठेवल्या होत्या.

"पोरं कुठायत?" ती ओरडली.

मी धडपडत उठलो, तर छातीवर काहीतरी फडफडलं. सदऱ्याला टाचणीने कागद लावलेला होता. हिने तो ओढून घेतला आणि वाचला:

"आदेशातील कलम पाचप्रमाणे गवत संपले. (शेवटचे बिस्कीट ३ वाजून ५५ मिनिटांनी संपले.) आजोबांना तीनदा हाक मारली. तात्काळ निघालो. नवीन गवत मिळाले आहे. – कुटुंबप्रमुख."

कचेरीत असा अहवाल एकदा जरी आला असता, तर मी तो फ्रेम करून लावला असता. पण तेव्हा कौतुक करायला सवड नव्हती.

"नवीन गवत?" ही म्हणाली. "आपल्याकडे गवत आहेच कुठे?"

आणि मग दोघांचीही मान एकदमच खिडकीकडे वळली. पडदे नसल्यामुळे दृश्य अगदी स्वच्छ दिसत होतं.

आमच्या इमारतीला लागून दातांच्या डॉक्टरांचा बंगला आहे. मधे फक्त एक लहानसं फाटक. बंगल्यापुढे हिरवळ आहे, आणि त्या हिरवळीवर डॉक्टरांचा जितका जीव आहे, तितका स्वतःच्या रोग्यांवर असता तर गल्लीत एकही दात दुखला नसता. कडा ते कात्रीने कापतात. "गवतावर पाय ठेवू नये" अशी पाटी आहे आणि ती दरवर्षी रंगवली जाते. एकदा मी बाहेरून नुसता वाकून पाहिलं, तर आतून आवाज आला, "लांबून!" आणि त्या हिरवळीच्या बरोबर मधोमध माझा गेर उभा होता. शेजारी, दोन वशिंडांचं इस्त्रीचं टेबल चरत होतं.

आम्ही पळालो. ही पुढे, मी मागे. जिना उतरताना मला पोरीचंच वाक्य आठवत होतं: एकदाच येणार आहेत, आवडलं तर परत येतील. आता डॉक्टर त्यांना असे काही झाडणार, की परत येणं सोडाच, पोरं आमच्या इमारतीवरून जातानासुद्धा रस्ता ओलांडतील. आणि माझी नात मधल्या सुट्टीत पुस्तकं वाचून मोठी होणार. शेवटी माझ्यासारखी.

फाटकातून आत गेलो तर आरडाओरडा कुठेच नव्हता. गेरचं दार नेमकं दक्षिणेला होतं. (ते मला दिवसभरात जमलं नव्हतं.) वाकून आत पाहिलं आणि थिजलो.

मानाच्या जागी, माझ्या उशीवर, दातांचे डॉक्टर मांडी घालून बसले होते. उजव्या हातात कप, डावा हात कोपराखाली. चेहरा लालबुंद. आणि एक गाल टेबलटेनिसच्या चेंडूएवढा फुगलेला.

"डॉक्टर," मी सुरुवात केली, "झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून…"

"उंम्," डॉक्टर म्हणाले.

"काय झालं यांना?" हिने घाबरून विचारलं.

"काही नाही," शंकेखोराने खुलासा केला. "ते घरातून ओरडत आले. 'कुत्रा सोडीन' म्हणाले. मी म्हटलं, सोडीन नाही, 'धरा' म्हणायचं. त्यांना येतच नव्हतं. मग म्हटलं, जाऊ दे, पहिलीच वेळ आहे. आत घेतलं."

"आले ते आले, उंबरठ्यावर पाय देऊन आले," एक जुळा म्हणाला.

"म्हणून परत बाहेर पाठवलं," दुसरा म्हणाला. "मग ओलांडून आले."

"मग मी खडा दिला," खाऊबाई म्हणाली. "आधी खायचं, मग बोलायचं, असा नियम आहे ना. सांगितलं होतं चावू नका म्हणून. ते चावले."

दातांचा डॉक्टर असून चावला! चुलतभावाच्या टॉफीने डॉक्टरांचे वरचे आणि खालचे दात असे जखडून टाकले होते, की गेली दहा मिनिटं त्या माणसाला एक अक्षर बोलता आलेलं नव्हतं. आणि त्या दहा मिनिटांत माझी नात त्यांच्यासमोर बसून त्यांना सगळं समजावून सांगत होती. आम्ही आलो तरी ती थांबली नाही.

"…म्हणून ते गवत मरेपर्यंत एका जागी राहतच नाहीत. थोडं उरलं असतानाच निघतात. म्हणजे पुढच्या वर्षी परत येता येतं. आम्ही पण अंधार पडायच्या आत निघू. खुंट्या नाही ठोकल्या, मातीत भोकं पडतील म्हणून. कडेने पुस्तकं ठेवलीयेत वजनाला."

पुस्तकं माझी होती. चारही संदर्भग्रंथ ओळीने ब्लँकेटाच्या कडेवर बसले होते. निवृत्तीनंतर प्रथमच ते कुणाच्या उपयोगी पडत होते.

इतक्यात "टॉक्" असा आवाज झाला. डॉक्टरांचा जबडा सुटला होता. सगळी पोरं एकमेकांना चिकटली. उंच मुलगी, जी एव्हाना ताठ उभी राहून माथ्याचं चक्र दोन्ही हातांनी धरून होती, ती पुन्हा वाकायला लागली. नातीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती गटाकडे पाहत होती.

डॉक्टरांनी जबडा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग कपात पाहिलं.

"हा चहा कुणी केला?"

"मी," खाऊबाई पुटपुटली.

"साखर नाही यात."

"मीठ घालतात," जुळे एका सुरात म्हणाले. अनोळखी माणसाशी बोललेलं हे बहुधा त्यांचं पहिलंच वाक्य.

"साखर अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

डॉक्टरांनी आणखी एक घोट घेतला. चेहरा वाकडा झाला, पण आवाज भरून आला. "पंचवीस वर्षं मी या गल्लीला हेच ओरडून सांगतोय," ते म्हणाले. "एका माणसाने ऐकलं असेल तर शपथ." मग ते उठले, काळजीपूर्वक उंबरठा ओलांडून बाहेर आले, गेरभोवती एक फेरी मारली आणि तर्जनी रोखली. "ती कड माझ्या नव्या रोपावर येतेय. हात-दीड हात पश्चिमेला घ्या. आणि ऐका, गवत दर रविवारी कापतो मी सकाळी. दुपारी तीन ते सहा ते मोकळंच असतं."

हे आमंत्रण आहे, हे कळायला मला जरा वेळ लागला. पोरांना नाही लागला. "चक्र धर!" नात ओरडली, उंच मुलगी ताठ झाली, आणि अख्खं घर माझ्या डोळ्यांदेखत दीड हात पश्चिमेला गेलं. आमच्या कचेरीत एवढ्यासाठी समिती नेमली गेली असती.

आता हिचं काय होणार, म्हणून मी कटाक्ष टाकला. तिची लग्नातली रजई गवतावर होती.

"किती वेळात बांधलंत ग हे?" तिने विचारलं.

"अठ्ठावीस मिनिटं, आजी."

"यांना अख्खा शनिवार लागला," ती म्हणाली, उंबरठा ओलांडून आत गेली आणि चुलीपाशी बसली. मला आत यायला कुणी सांगितलं नाही, पण इस्त्रीचं टेबल जरा धरून ठेवायला सांगितलं. वाऱ्याने उंट पडत होता.

सोमवारी वर्गात प्रकल्प गाजला. बाईंनी पाठ थोपटली. पण माझं लक्ष सोमवारवर नव्हतंच. बाईंनी सांगितल्याशिवाय पोरं येतात का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पुढच्या रविवारीच मिळणार होतं.

आठवडाभर मी तयारी केली. बर्फातले रेनडिअर पाळणारे लोक घेतले. चाळीस पानांची टिपणं काढली, फाइल केली, फीत बांधली. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून अडीचपासून खुर्चीत बसलो. समोर नात पुस्तक उघडून बसली होती. अर्धा तास झाला तरी तिने पान उलटलं नाही. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, तीही बघत नव्हती. आम्ही दोघंही किती मन लावून बघत नव्हतो!

तीनला घंटी वाजली. लगेच पुन्हा वाजली. पुन्हा. एकूण पाच वेळा, कारण प्रत्येकाला स्वतः वाजवायची होती. पुस्तक जमिनीवर पडलं आणि पोरगी दाराकडे उडाली.

"या, या, बसा!" मी फाइलीची फीत सोडत म्हणालो. "आज आपण रेनडिअर…"

"आजोबा, पाय वर घ्या," एक जुळा म्हणाला. गालिचा गेला.

"आजोबा, जरा उठता?" दुसरा म्हणाला. खुर्ची गेली.

"हे बघा, रेनडिअरचं वैशिष्ट्य असं की…"

"पुढच्या वेळी," शंकेखोर म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याने प्रश्न विचारला नाही. उंच मुलीने टाचा न उचलता पडदे काढले. खाऊबाईने किटली घेतली. कपांमध्ये मोजे भरले गेले. अकरा मिनिटांत वरात जिन्यात पोचली, आणि शेवटी चपला चढवून, मिठाची बरणी काखेत मारून आमची हीसुद्धा निघाली.

"तू कुठे?"

"चुलीपाशी कुणी नको का?" ती म्हणाली. "डॉक्टरांच्या बायकोलाही बोलावलंय."

दारातून नात धावत परत आली. गाल लाल, श्वास फुललेला. मला वाटलं, मलाच बोलवायला आली. मी फाइल उचललीसुद्धा.

"आजोबा, तुम्ही थांबा हं घरी. सामानाकडे लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

दार बंद झालं. जिन्यातला गलका खाली खाली जात फाटकापलीकडे गेला. मी फाइल छातीशी धरून मोठ्या जबाबदारीने सभोवार पाहिलं. सामानापैकी घरात मी एकटाच उरलो होतो.